धातुशोधक यंत्र आणि नाणकसंशोधन : यंत्रनिवडीच्या कसोट्यांचें परीक्षण

एका पडक्या गढीच्या गांवीं राहणाऱ्या व नाण्यांचा छंद असलेल्या एका सद्गृहस्थांनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे कीं, शिवराया व त्याहून जुनीं नाणीं शोधण्यासाठीं कोणतें धातुशोधक यंत्र घ्यावें, तें किती खोलवर पोहोंचणारें असावें, आणि लोखंडासारखे निरुपयोगी धातु वगळण्याची सोय त्यांत असावी किंवा कसें. सोबत त्यांनीं विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतील व मार्गदर्शक पुस्तिकांतील कांहीं उताऱ्यांचा सारांशही पाठविला आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचें उत्तर एकट्या पृच्छकास पाठवून भागण्यासारखें नाहीं. ज्या कसोट्या लावून हीं यंत्रें निवडावींत असें या वाङ्मयांत सांगितलें जातें, त्या कसोट्या इतिहासाच्या दृष्टीनें टिकतात कीं नाहीं, हें एकदां तपासून पाहणें अवश्य झालें आहे.

अवश्य म्हणण्याचें कारण असें. मार्च २०२५ मध्यें बुऱ्हाणपुराजवळील असीरगडच्या परिसरांत जें घडलें तें वाचकांच्या स्मरणांत असेल. 'छावा' या चित्रपटांत संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतील बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. तो पाहिल्यावर तेथील शेतांत मोगलांचें सोनें पुरलेलें असल्याची आवई उठली, आणि रात्रीच्या वेळीं बॅटऱ्या, चाळण्या व धातुशोधक यंत्रें घेऊन लोक शेतें उकरूं लागले, अशा हकीकती वृत्तपत्रांतून आल्या. इ. स. १६८१ च्या स्वारींत मराठ्यांनीं जें द्रव्य नेलें तें नेलेंच. तें असीरगडाखालच्या शेतांत उरावें कसें, हा साधा प्रश्न त्या गर्दींत कोणास सुचला नसावा. परंतु आमचें दुःख त्या लोकांच्या भोळेपणाचें नाहीं. त्या रात्रींत एखादें खरेंखुरें मोगली नाणें निघालें असेल, तर तें कोणत्या शेतांत, किती खोलीवर व कशाच्या सोबतीनें पडलें होतें हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. नाणें सांपडलें आणि पुरावा हरवला, अशी ही स्थिति आहे.

(१) यंत्र काय ऐकतें

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह खेळविला म्हणजे त्याच्या भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातु आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्याप्रमाणें फिरणारे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचें उलट क्षेत्र यंत्राचें दुसरें वेटोळें टिपून घेतें. डेव्हिड ह्यूज यानें इ. स. १८७९ मध्यें याच तत्त्वावर प्रवर्तनाचा तराजू तयार केला होता. दोन बाजूंस दोन सारखीं नाणीं ठेवलीं तर तो स्तब्ध राही व एक खोटें असेल तर बोलूं लागे. म्हणजे या यंत्राच्या कुळाचा नाण्याशीं संबंध पहिल्यापासूनचा आहे.

मात्र त्या यंत्राचा जो पहिला जगप्रसिद्ध प्रयोग झाला तो फसला, आणि तो कसा फसला हें प्रत्येक छंदिष्टानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें असेंच यंत्र तयार करून रुग्णाच्या अंगावरून फिरविलें. यंत्र बोललें, परंतु भलतीकडेच बोललें. पुढें असें आढळलें कीं, बिछान्यांत पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या. त्यांत भर म्हणून, गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री असल्यामुळें शोध त्याच बाजूस झाला. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष वारले, आणि शवपरीक्षेंत गोळी डाव्या बाजूस निघाली. यंत्र खोटें बोललें नव्हतें. त्याला धातु विचारला होता, त्यानें धातु सांगितला. कोणता धातु, कोठला, आणि शोधणाऱ्याची समजूत बरोबर आहे कीं नाहीं, हें सांगणें त्याचें काम नव्हतें.

त्यानंतर यंत्रांत पुष्कळ सुधारणा झाल्या. गेऱ्हार्ड फिशर यास इ. स. १९३७ मध्यें अमेरिकेंत अशा यंत्राचें पेटंट मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडच्या योझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्यानें तयार केलेला सुरुंगशोधक इ. स. १९४२ मध्यें अल् अलामेनच्या रणांगणावर वापरला गेला; आणि युद्धानंतर तेंच तंत्र छंदिष्टांच्या हातीं आलें. आजचीं यंत्रें हलकीं व चतुर आहेत. त्यांच्या पडद्यावर आंकडा उमटतो आणि निरनिराळ्या धातूंस निरनिराळे स्वर निघतात. परंतु मूळ स्वभाव बदललेला नाहीं. यंत्र नाणें ओळखत नाहीं. तें धातूची वाहकता, त्याचा आकार व त्याचें अंतर यांची गोळाबेरीज ऐकतें. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळेंच पुस्तिकांतील बहुतेक कसोट्या चुकीच्या दिशेस गेल्या आहेत.

(२) खोलीची कसोटी

पहिली कसोटी खोलीची. जें यंत्र अधिक खोलवरचें नाणें सांगेल तें अधिक चांगलें, असें प्रत्येक पुस्तिका सांगते. येथें निसर्गाचा नियम आड येतो. वेटोळ्याच्या रुंदीपलीकडे गेल्यावर लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या साधारण सहाव्या घातानें क्षीण होतो. अंतर दुप्पट झालें कीं सूचना चौसष्ट पटींनीं मंदावते. म्हणून किंमत दुप्पट दिल्यानें खोली दुप्पट मिळत नाहीं. सुट्या नाण्यासाठीं चांगल्या यंत्राचा पल्ला वीस ते पंचवीस सेंटिमीटरांच्या आसपास राहतो. मोठें वेटोळें लाविलें तर मोठी वस्तु खोलवर कळते, परंतु लहान व पातळ नाणें निसटतें, आणि शेजारीं शेजारीं पडलेल्या दोन वस्तु एकच वाटूं लागतात. हें पुस्तिका प्रामाणिकपणें सांगतात, आणि त्याबद्दल त्यांस दोष देतां येणार नाहीं.

आमच्या मुलखाची एक अडचण मात्र त्या परदेशी पुस्तिकांत सांपडणें कठीण. दख्खनची काळी जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली असून तींत लोहचुंबकी खनिजाचे कण असतात. कोंकणांतील जांभाही लोहयुक्तच आहे. अशा भूमींत यंत्र मातीसच धातु समजून कुरकुरतें किंवा त्याचा पल्ला आंखुडतो. जमिनीच्या कुरकुरीशीं जुळवून घेण्याची सोय ज्यांत हातानें करतां येत नाहीं, तें स्वस्त यंत्र इंग्लंडच्या खडूच्या मातींत कितीही चांगलें चाललें, तरी आमच्या शेतांत तें आंधळ्यासारखें होईल. एवढें तांत्रिक उत्तर आमच्या पृच्छकास खुशाल उपयोगी पडो.

परंतु खरा आक्षेप निराळाच आहे. नांगरानें वरखालीं झालेल्या थरांतील नाणें आपल्या मूळ जागेपासून आधींच हललेलें असतें. त्याच्या खालच्या अस्पृष्ट थरांतील नाणें मात्र जेथें पुरलें तेथेंच असतें. तेव्हां यंत्राचा पल्ला नांगराच्या फाळाखालीं गेला कीं, जाहिरातींत जो पहिला गुण म्हणून छापतात तोच संशोधनाच्या दृष्टीनें पहिला धोका ठरतो. इंग्लंडमधील शिष्ट छंदिष्टांनीं नांगरटीच्या खालीं खणूं नये असा नियमच मानला आहे, तो याच कारणास्तव.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे सॉमरसेट परगण्यांतील फ्रोम येथील ठेवा. एप्रिल २०१० मध्यें एका हौशी शोधकास शेतांत सूचना मिळाली. खणतां खणतां मडक्याचें तोंड व आंत नाणीं दिसलीं. तो तेथेंच थांबला, खड्डा पूर्ववत् बुजविला आणि पुरातत्त्वज्ञांस बोलाविलें. त्यांनीं मडकें थराथरानें रिकामें केलें. रोमन काळचीं ५२,५०३ नाणीं निघालीं. वजन सुमारें १६० किलो. परंतु महत्त्व संख्येचें नाहीं. त्या राशींत सर्वांत अलीकडचीं जीं कॅरौसियसचीं नाणीं, त्यांपैकीं बहुतेक मडक्याच्या निम्म्याहून खालच्या भागांत होतीं. कोणी वर्षानुवर्षें शिल्लक टाकीत गेला असता तर अलीकडचीं नाणीं वर असतीं. तेव्हां सर्व द्रव्य एकाच वेळीं मडक्यांत ओतलें गेलें हें निश्चित झालें, आणि हा संकटकाळीं लपविलेला ठेवा नसून देवतेस वाहिलेलें द्रव्य असावें असें मत तज्ज्ञांस मांडतां आलें. तो गृहस्थ उतावळेपणानें ओंजळी भरभरून नाणीं काढीत बसला असता, तर पन्नास हजार नाणीं तींच राहिलीं असतीं, आणि हें ज्ञान मात्र गेलें असतें. येथें यंत्राचा पल्ला कामास आला नाहीं. हाताचा आवर कामास आला.

(३) धातु वगळण्याची कसोटी

दुसरी कसोटी आमच्या पृच्छकांच्या विशेष आवडीची दिसते. ती म्हणजे नको असलेले धातु वगळण्याची सोय. लोखंड, शिसें, पत्र्याचे तुकडे यांस यंत्र मुकें करावें व नाण्यास तेवढें बोलकें ठेवावें, म्हणजे श्रम वांचतात, असें सांगतात. या सोयीचा पाया कोणत्या नाण्यांवर घातलेला आहे? अमेरिकन बनावटीच्या कांहीं यंत्रांच्या पडद्यावर तर पांच, दहा व पंचवीस सेंटांच्या खुणाच छापलेल्या असतात. म्हणजे तें यंत्र नाणें म्हणून जें ओळखतें तें विसाव्या शतकांतील अमेरिकन खिशांतील नाणें होय.

आतां हीच जाळी सातवाहनांच्या मुलखांत लावून पाहूं. सातवाहनांनीं शिशाचीं व पोटीन नामक मिश्रधातूचीं नाणीं विपुल पाडलीं. शिशाचें नाणें यंत्रास बंदुकीच्या गोळीसारखें किंवा मासेमारीच्या जाळ्याच्या वजनासारखें ऐकूं येतें. पुस्तिकेच्या सल्ल्यानुसार शिसें वगळलें, कीं महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजवंशाचें नाणेंच वगळलें गेलें! सोन्याचीही तीच गत. शिवकालीन होन तीन ग्रॅमच्या आंतला, चिमुकला. त्याचा आंकडा डब्यांच्या झांकणाच्या कड्या व चुरगळलेला चंदेरी कागद यांच्याच शेजारीं पडतो. जो कचरा टाळावयाचा तो टाळला कीं होनही टळतो. जाड तांब्याची शिवराई तेवढी या यंत्रांस सहज कळते, कारण तांब्याची वाहकता मोठी असते. म्हणून ज्यास शिवराया पुष्कळ सांपडल्या आणि शिशाचें एकही नाणें सांपडलें नाहीं, त्यानें त्या गांवांत सातवाहन नव्हते असें अनुमान काढूं नये. त्यानें आपल्या यंत्राची जाळी पाहावी.

कंपनसंख्येचाही यांत संबंध आहे. कमी कंपनसंख्येस जाड रुपें व तांबें चांगलें उत्तर देतें, अधिक कंपनसंख्येस लहान व पातळ वस्तु. एकाच कंपनसंख्येवर, म्हणजे पंधरा किलोहर्ट्झ किंवा तशा एखाद्या आंकड्यावर, चालणारें यंत्र या दोहोंमध्यें तडजोड करतें. माइनलॅब कंपनीचें इक्विनॉक्स हें इ. स. २०१८ मध्यें बाजारांत आलेलें यंत्र, किंवा त्यासारखीं अनेक कंपनसंख्यांवर एकदम चालणारीं इतर यंत्रें, यांनीं ही तडजोड पुष्कळ अंशीं टाळली आहे. निवडच करावयाची असेल तर तीं श्रेष्ठ, हें आम्ही मान्य करतों. परंतु पडद्यावरचा आंकडा त्यांतही शेवटीं अंदाजच. नाणें तिरपें पडलेलें असेल, झिजलेलें असेल, खोल असेल किंवा खिळ्याला लागून असेल, तर आंकडा बदलतो.

लोखंडाविषयीं तर आमचें मत याहूनही कठोर आहे. खिळा, बिजागरी, कडी, कुलूप हीं ठेव्याचीं अवशिष्ट अंगें होत. लांकडाची पेटी कुजून जाते. तिचें लोखंड उरतें. इ. स. १९९२ मध्यें इंग्लंडांत सफोक परगण्यांतील हॉक्स्नी येथें एक गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्रानें शोधीत होता. त्यास सोन्यारुप्याचीं रोमन नाणीं सांपडलीं. त्यानें कांहीं वस्तु काढून लागलीच वर्दी दिली व उरलेलें तसेंच ठेविलें. दुसऱ्याच दिवशीं पुरातत्त्वज्ञांनीं तें काळजीपूर्वक उचललें. सुमारें पंधरा हजार नाणीं व सोन्यारुप्याचीं कित्येक भांडींकुंडीं व दागिने निघाले. आणि पेट्यांचे अवशेष व चिमुकलीं कुलपें यांवरून एका मोठ्या पेटींत लहान पेट्या कशा रचल्या होत्या हेंही समजलें. तो हातोडाही पुढें सांपडला व तोही ठेव्यासह ब्रिटिश म्यूझियममध्यें गेला. ज्या यंत्रानें लोखंड वगळलें आहे, त्यास हातोडा शोधतां येत नाहीं. आणि हातोडा शोधला नसता तर तो ठेवाही त्या दिवशीं सांपडला नसता.

(४) लाभाची कसोटी

तिसरी कसोटी उघडपणें क्वचितच सांगतात, पण पुस्तिकांच्या ओळीओळींत ती दिसते. यंत्राची किंमत किती दिवसांत वसूल होईल, ही ती कसोटी. तिची परीक्षा इ. स. २०१५ या एकाच वर्षांत इंग्लंडांत झाली, म्हणून त्या दोन घटना शेजारीं ठेवून पाहूं.

जूनमध्यें हेरफर्डशर परगण्यांत दोघां शोधकांस नवव्या शतकाच्या उत्तरार्धांतील नाण्यांचा व दागिन्यांचा ठेवा सांपडला. त्यांनीं तो कळविला नाहीं; नाणीं फोडून विकण्यास काढलीं. सुमारें तीनशें नाणीं असावींत असा अंदाज आहे. त्यांपैकीं तीसएकच हातीं लागलीं. इ. स. २०१९ मध्यें दोघांनाही दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टन येथें दुसऱ्या एका शोधकास त्याच काळचा लहान ठेवा सांपडला. त्यानें वर्दी दिली. माती न मोडतां अखंड ढेकूळच उचलून ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेंत नेण्यांत आलें; सुमारें दोनशें नाणीं निघालीं, आणि इ. स. २०१७ मध्यें ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयानें साडेतेरा लक्ष पौंड देऊन तो ठेवा घेतला.

या नाण्यांचें मोल कशांत आहे? वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा दुसरा सीओलवुल्फ या दोघांच्याही नांवें सारख्या छापाचीं नाणीं त्यांत आहेत. वेसेक्सच्या दरबारच्या छायेंत लिहिलेल्या बखरींत सीओलवुल्फ हा डेन लोकांनीं बसविलेला एक मूर्ख सरदार म्हणून हिणविला आहे. नाणीं मात्र दोघे बरोबरीचे दोस्त होते असें सांगतात. विजयी पक्षाच्या बखरीनें ज्याचें नांव पुसावयास घेतलें त्याची साक्ष मातीनें राखून ठेविली. बखर व अस्सल कागद यांचा तंटा ज्यांनीं जन्मभर सोडविला, अशा आमच्या वाचकांस याचें मोल निराळें सांगावयास नको. परंतु हेरफर्डशरच्या अडीचशेंहून अधिक गेलेल्या नाण्यांत हीच साक्ष आणखी किती होती हें आतां कळणें नाहीं. यंत्रांत उणें नव्हतें. उणें होतें तें शोधणाऱ्याच्या हेतूंत.

आपल्या घरचा दाखला याहून बोलका आहे. इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगलटेंभी येथें क्षहरात नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा ठेवा मिळाला. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता, आणि उरलेलीं तशींच होतीं. नहपानाचा पाडाव गौतमीपुत्रानें केला, या शिलालेखांतील कथनास जो बळकट आधार मिळाला तो या प्रमाणाचा. एकटें छापावर छाप मारलेलें नाणें दोघांचा संबंध दाखवील. परंतु एकाच राशींत दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नवा छाप पडलेला असणें, हा राज्यक्रांतीचा भर प्रवाहांतच घेतलेला दाखला होय. ही राशि सराफकट्ट्यावर शेरानें विकली गेली असती तर प्रत्येक नाणें कोठें ना कोठें शिल्लक राहिलें असतें. प्रमाण मात्र नाहींसें झालें असतें. ठेवा म्हणजे नाण्यांची बेरीज नव्हे. ठेवा हा एक दस्तऐवज आहे, आणि नाणीं हीं त्याचीं अक्षरें आहेत.

(५) उलट पक्ष व कायदा

यावर एक सबळ आक्षेप घेण्यांत येतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नांगर, ट्रॅक्टर व खतें यांनीं नाणीं दरवर्षीं झिजत व फुटत आहेत. रस्ते व इमारती यांखालीं पांढरीच्या पांढरी नाहींशा होत आहेत. ज्यास नाणें सांपडतें तो तें सोनाराकडे नेतो. अशा वेळीं यंत्रवाला निदान नाणें वांचवितो तरी, असें तो पक्ष म्हणतो. इंग्लंडच्या अनुभवांत या म्हणण्यास आधार आहे. तेथें इ. स. १९९७ पासून छंदिष्टांनीं आणून दाखविलेल्या वस्तूंची जागेसह नोंद करण्याची योजना चालू आहे, आणि तिच्या दफ्तरांत पंधरा लक्षांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. इ. स. १९९६ च्या कायद्यानें ठेव्याची वर्दी चौदा दिवसांत द्यावी लागते, आणि संग्रहालयानें ठेवा घेतल्यास बाजारभावानें येणारें बक्षीस बहुधा शोधक व जमीनमालक यांत निम्मेनिम्मे वांटलें जातें. फ्रोम व वॉटलिंग्टन येथील शहाणपण नुसत्या सज्जनपणाचें नव्हतें. त्यामागें ही व्यवस्था होती.

आमच्याकडे यंत्र येऊन पोहोंचलें, व्यवस्था मात्र आली नाहीं. इ. स. १८७८ चा निखातनिधीचा कायदा अजून चालतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडला तर त्याचें स्वरूप व परिमाण, सांपडल्याची जागा व सांपडल्याची तारीख हीं लेखी कलेक्टरास कळवावीं, असें तो सांगतो, आणि वर्दी न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद सांगतो. दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या कायदेकारांनीं जागा व तारीख विचारली, ही त्यांची दूरदृष्टि वाखाणण्यासारखी आहे. परंतु सरकारास निधि घ्यावयाचा झाल्यास मोबदला कसा? तर धातूचें मोल व वर त्याचा एक पंचमांश. सोन्याच्या होनास हें कांहींसें शोभेल. शिशाच्या सातवाहन नाण्यास म्हणजे शिशाचा भाव व वर पांचवा हिस्सा! ज्या कायद्याच्या तराजूंत शिशाचें नाणें शिसेंच असतें, तो कायदा शेतकऱ्यास सोनाराकडे लोटतो, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणावें लागतें. हें कलम बदललें पाहिजे. नाण्याचें ऐतिहासिक मोल धरून बक्षीस दिलें पाहिजे. आणि वर्दी घेणारा जाणता माणूस तालुक्याच्या गांवीं तरी असला पाहिजे.

यांखेरीज, संरक्षित स्थळीं परवान्यावांचून उत्खनन करण्यास इ. स. १९५८ चा मध्यवर्ती कायदा व महाराष्ट्राचा इ. स. १९६० चा कायदा हे प्रतिबंध करतात. आणि शंभर वर्षांहून जुनें नाणें इ. स. १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरत असल्यामुळें खाजगी माणसास तें परदेशीं पाठवितां येत नाहीं. यांपैकीं एकही गोष्ट यंत्राच्या माहितीपत्रकांत आम्हांस आढळली नाहीं. पल्ला किती इंच हें छापणाऱ्यानें कायदा किती हात लांब आहे हेंही एका ओळींत छापावयास हरकत नव्हती.

(६) यंत्राचें योग्य स्थान

यंत्र वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथील इ. स. १८७६ च्या रणभूमीवर इ. स. १९८३ मध्यें वणवा लागून गवत जळालें. पुढील वर्षीं पुरातत्त्वज्ञांनीं हौशी यंत्रधारकांस सोबत घेऊन ती भूमि ओळीनें चाळली. कोणताही धातु वगळला नाहीं. प्रत्येक सूचनेच्या जागीं निशाण रोवलें, प्रत्येक गोळी व काडतूस मोजून नकाशावर टिपलें आणि मगच उचललें. त्यावरून कोणती बंदूक कोठून कोठें सरकली हें कळलें, आणि लढाईच्या रूढ वर्णनांत फेरफार करावा लागला. यंत्रें बाजारांतलींच होतीं. फरक एवढाच कीं, येथें मोल वस्तूचें नसून जागेचें होतें. मराठ्यांच्या रणभूमींचें काम याच रीतीनें परवाना घेऊन कोणी हातीं घेईल तर त्यास आमचा पाठिंबाच राहील. तसेंच चालू उत्खननांत उपसलेल्या मातीच्या ढिगांतून चुकलेलें नाणें काढण्यासही हें यंत्र उपयुक्त आहे.

अशा परवानाधारक कार्यासाठीं यंत्र निवडावयाचें तर आमच्या मतें कसोट्यांचा क्रम उलटा लावावा. काळ्या जमिनीशीं हातानें जुळवून घेतां येणें ही पहिली. कोणताही धातु न वगळतां सर्व ऐकण्याची सोय ही दुसरी. खिळ्याशेजारचें नाणें निराळें ऐकूं येण्याइतकी चपळाई ही तिसरी. लहान वेटोळें लावण्याची सोय ही चौथी. खोली सर्वांत शेवटीं.

आणि आमच्या पृच्छकांस आमचें उत्तर असें : यंत्र घेऊं नका. पहिला वळीव पडून गेला म्हणजे, शेतधन्यास विचारून, संरक्षित स्थळ टाळून, गांवच्या पांढरीवरून डोळे उघडे ठेवून चाला. पावसानें धुऊन वर आलेलें नाणें दिसलें तर उचलण्याआधीं त्याचें छायाचित्र घ्या; मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते वहींत लिहा; शेतधन्याचें नांव, सर्व्हे नंबर, तारीख, शेजारचें खापर, वीट, राख, खिळा, सर्व लिहा. नाणें घांसूं नका, चिंच-लिंबू लावूं नका. तें कागदाच्या पाकिटांत ठेवून कायद्याप्रमाणें वर्दी द्या. एक वही, एक टेप, कांहीं पाकिटें व शतांश ग्रॅम सांगणारा एक लहान कांटा, एवढ्या साहित्याचा खर्च बऱ्या यंत्राच्या किमतीच्या पासंगालाही लागणार नाहीं. आपल्या गढीच्या गांवांतील अशी एक वही भरून आपण आमच्याकडे पाठविलीत, तर तींत एकच झिजलेली शिवराई नोंदलेली असली तरी आम्ही ती आनंदानें छापूं.